टूलचे वर्णन लिहिताना
तुम्ही एजंटसाठी (स्वतःहून कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी) पहिलेच टूल, म्हणजे त्याला वापरता येणारे फंक्शन, लिहीत आहात, म्हणून एक गोष्ट आधी सांगतो: एजंटमागच्या भाषा मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही, टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या मूल्यांची) माहिती एवढ्यावरूनच ते कोणते टूल वापरायचे हे ठरवते. ऐरोलीत काम करताना मी ट्रान्स-हार्बर या ठाणे–नवी मुंबई लोकल मार्गाच्या वेळापत्रकाच्या टूलला 'गाडीची माहिती देते' एवढेच वर्णन दिले होते, आणि कोणी घणसोलीहून वाशीला जाणाऱ्या बसबद्दल विचारले तरी एजंट लोकलचीच वेळ सांगत असे. दोष मॉडेलचा नव्हता. आपल्याकडे बसही गाडीच आणि लोकलही गाडीच. मग मी लिहिले: 'ठाणे–वाशी लोकलच्या नियोजित वेळा देते; बससाठी किंवा लोकल किती उशिरा धावते आहे हे पाहण्यासाठी वापरू नये.' यातला दुसरा भाग नवखे लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा असतो. तारखेचे स्वरूपही उदाहरणासह द्या, कारण ०५/०६/२०२५ म्हणजे ५ जून की ६ मे, हे मॉडेलला अंदाजाने ठरवावे लागते. २०२५-०६-०५ असे मागितले की तो प्रश्न उरत नाही. स्थानक सापडले नाही, तर रिकामे उत्तर न देता 'कोपरखैरणे म्हणायचे आहे का?' असा संदेश परत करा, म्हणजे एजंटला चूक सुधारून पुन्हा विचारता येईल.