१ ते ४ अंकांचे रिपोर्ट कार्ड पालकांना समजावून सांगताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवता, यंदा शाळेने ए-बी-सी श्रेणी बंद करून प्रत्येक मानकापुढे (म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे, याच्या ठरलेल्या अपेक्षेपुढे) १ ते ४ पैकी एक अंक देणारे स्टँडर्ड्स-बेस्ड रिपोर्ट कार्ड आणले आहे, आणि ‘चारपैकी दोन म्हणजे पन्नास टक्केच ना?’ असे पालकभेटीत कोणी विचारले तर काय सांगावे, हे आपल्याला सुचत नाही. शाळेचे माहितीपत्रक पुरेल का, असेही आपण विचारले आहे. पत्रक जरूर पाठवावे, पण त्यावर विसंबू नये. पद्धतीचे विवेचन ऐकून पालकांचे समाधान झाल्याचे माझ्या फारसे पाहण्यात नाही. मुलाच्या हातचे काम समोर ठेवले की मात्र तोच अंक त्यांना चटकन उमगतो. म्हणून भेटीची सुरुवात पद्धतीपासून न करता रिपोर्ट कार्डावरच्या एका ओळीपासून करावी.

उदाहरणादाखल १०० पर्यंतच्या बेरीज-वजाबाकीची ओळ घ्या आणि ७२ वजा ३८ हे गणित पाहा. एक मूल ४६ लिहिते, कारण एकक स्थानी दोनातून आठ जात नाहीत म्हणून ते उलटे करून आठातून दोन वजा करते. दुसरे मूल सात दशकांच्या कांड्या आणि दोन सुटे ठिपके काढते, एक दशक सुटा करते, एकेक खोडत जाते आणि ३४ वर पोहोचते. उत्तर बरोबर आहे, पण चित्राचा आधार काढून घेतला तर ते अडते. तिसरे मूल ७२ मधून आधी ३० आणि मग ८ वजा करून ३४ म्हणते आणि असे का केले, हेही सांगते. माझ्या वर्गात या तिघांना अनुक्रमे १, २ आणि ३ मिळतील. दुसऱ्या मुलाच्या पालकांना ‘पन्नास टक्के’ हा शब्दप्रयोग किती गैरलागू आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही, कारण त्यांच्या मुलाचे उत्तर अर्धे चुकलेले नसते. असे नमुने आपल्या हाताने लिहून तयार ठेवावेत. वर्गातल्या इतर कोणत्याही मुलाचा कागद नाव झाकूनही दाखवू नये. लहान वर्गांतले पालक अक्षर ओळखतात.

याच ठिकाणी ‘आम्ही शिकलो तशी उभी मांडणी का शिकवत नाही?’ असे हमखास विचारले जाते. २०१० साली जाहीर झालेल्या आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या कॉमन कोअर या इयत्तावार मानकांत दुसरीच्या मुलांकडून स्थानिक किमतीवर आधारलेल्या रीतींनी १०० पर्यंत ओघाने गणित करण्याची अपेक्षा आहे, आणि बेरीज-वजाबाकीची रूढ उभी रीत सफाईने येणे ही चौथीची अपेक्षा आहे. मात्र टेक्सास आणि व्हर्जिनिया यांनी कॉमन कोअर कधीच स्वीकारले नाही, त्यांची मानके स्वतंत्र आहेत, आणि इतर अनेक राज्यांनी कॉमन कोअर नंतर बदलून घेतले. त्यामुळे आपल्या राज्याचा मजकूर पाहूनच बोलावे.

भेटीपूर्वी एक गोष्ट मुख्याध्यापकांकडून पक्की करून घ्या: आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेत) ३ हा अंक वर्षअखेरच्या अपेक्षेच्या तुलनेत दिला जातो की वर्षाच्या आत्ताच्या टप्प्याच्या तुलनेत? दोन्ही प्रघात प्रचलित आहेत आणि बहुतेक गैरसमज इथेच उगवतात. पहिल्या प्रकारात नोव्हेंबरच्या कार्डावर बरेच २ आणि काही १ असणे स्वाभाविक आहे, कारण पुष्कळसा भाग शिकवून व्हायचा असतो. दुसऱ्या प्रकारात त्याच २ चा अर्थ मूल आत्ताच मागे आहे असा होतो. शिक्षकालाच हे ठाऊक नसेल, तर पालकांना धीर देणे आणि सावध करणे दोन्ही चुकीच्या जागी होते. ओळीपुढची जागा रिकामी असेल, तर तो भाग या सत्रात तपासलेला नाही, हेही सांगावे. काही पालक ते शून्य समजतात.

सरासरीचा मुद्दा आकड्यांनीच मांडावा. एखाद्या मानकावर मुलाला क्रमाने १, १, २, ३, ३ मिळाले तर सरासरी २ येते; पण मूल आज ते काम स्वतंत्रपणे आणि सातत्याने करते, म्हणून कार्डावर ३ जातो. सुरुवातीला येत नव्हते याची शिक्षा त्याला शेवटपर्यंत भोगावी लागत नाही. ४ बद्दल सांगायचे तर तो बहुतेक ठिकाणी इयत्तेच्या अपेक्षेपलीकडच्या खोलीसाठी राखलेला असतो. ३ वर ‘एक गुण गेला’ असे काही नसते.

गृहपाठ, वक्तशीरपणा आणि वर्गातले वागणे यांच्या नोंदी वेगळ्या रकान्यात असतात. ‘म्हणजे मेहनतीला किंमतच नाही का?’ हा पालकांचा आक्षेप मला रास्त वाटतो आणि तो उडवून लावू नये. किंमत आहे, पण ती वाचनाच्या अंकात मिसळली तर नीटनेटक्या वहीमागे न समजलेला धडा दडून राहतो. दुसरा आक्षेपही मान्य करावा: २ हा अंक फार ऐसपैस आहे, ‘जवळजवळ आले’ आणि ‘आत्ता कुठे सुरुवात’ हे दोन्ही त्यात बसतात. त्यावर उपाय म्हणजे टिप्पणीचा रकाना, त्याकडे मी पुढे येते. ‘वर्गात कितवा?’ याचे उत्तर हे कार्ड देत नाही. आपणही देऊ नये.

ज्या पालकांना इंग्रजी अवघड जाते त्यांच्यासाठी शाळेकडून दुभाषा आधीच मागून घ्या. मुलालाच स्वतःच्या अंकांचे भाषांतर करायला बसवू नये. आणि ज्या ओळीवर १ आहे, ती बातमी पालकांना कार्डावरून प्रथम कळता कामा नये. त्यांना आधी फोन करावा.

आता टिप्पणी. ‘चांगली प्रगती, सराव हवा’ यातून पालकांना काहीच कळत नाही. वरच्या दुसऱ्या मुलासाठी मी असे लिहीन: “चित्र काढून १०० पर्यंतची वजाबाकी अचूक करतो. पुढील सत्रात चित्राशिवाय, दशक आणि एकक वेगळे करून वजाबाकी करण्यावर भर असेल. घरी दोन अंकी संख्येतून १० किंवा २० तोंडी वजा करायला सांगावे.”