चलान मिटलं, गुन्हा राहिला

नागपुरातल्या प्रतापनगरच्या एका वाचकाचं पत्र आहे. ते विक्री प्रतिनिधी, बुटीबोरी ते हिंगणा दिवसभर स्वतःच्या कारनं फिरती. चौदा महिन्यांपूर्वी अजनी चौकातल्या कॅमेऱ्याचं चलान आलं, 'वाहन चालवताना मोबाईलचा वापर'. त्या दिवशी गाडी भाचा चालवत होता, पण 'कशाला कटकट' म्हणून यांनी रात्री जेवता जेवता मोबाईलवरूनच पैसे भरले. गेल्या महिन्यात वर्धा रोडवर छत्रपती चौकाजवळ हवालदारानं यांनाच फोन कानाला लावलेला असताना थांबवलं, लायसन्स ठेवून घेतलं, पावती दिली. मग लायसन्सवरच्या कारवाईबद्दल आरटीओची नोटीस आली. ती अकरा दिवस टीव्हीखाली न फोडता पडून होती. आता सुनावणीला सहा दिवस उरलेत आणि प्रश्न असा: या दुसऱ्या चलानाचे दहा हजार आत्ताच भरू, की लोकअदालतीची वाट पाहू? तिथं म्हणे निम्म्यात सुटतं.

भाऊ, दहा हजारांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमचं लायसन्स जायची वेळ आली आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 200 तडजोडीचं आहे. चलान भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड: पैसे भरले, त्या गुन्ह्यापुरता खटला संपला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण 2019 च्या दुरुस्तीनं याच कलमाच्या पोटकलम (2) ला दोन परंतुकं, म्हणजे 'पण' म्हणून घातलेल्या अटी, जोडली, आणि ती कोणी वाचत नाही. पहिलं म्हणतं की तडजोड झाली तरी तो गुन्हा पूर्वी घडलेलाच मानला जाईल, म्हणजे पुढचा गुन्हा 'दुसरा' ठरवताना तो मोजला जाईल. दुसरं म्हणतं की तडजोडीनं लायसन्सवरची कारवाई टळत नाही. जेवता जेवता तुम्ही जे भरलंत ते तुमच्या नावावरच्या पहिल्या गुन्ह्याची नोंद ठरू शकतं.

आता याला कलम 19(1A) जोडा. हातात फोन धरून गाडी चालवणं कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतं. अशा प्रकरणात पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. पहिला गुन्हा असेल तर तीन महिन्यांची अपात्रता. दुसरा असेल तर लायसन्स रद्द. खुद्द शिक्षेच्या कलमात दुसरा गुन्हा मोजायला तीन वर्षांची मुदत दिली आहे, 19(1A) मध्ये तशी मुदत दिसत नाही. तुमचे चौदाच महिने झालेत, त्यामुळे तो वाद तुमच्या कामाचा नाही.

म्हणून सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबतं: अजनी चौकात गाडी कोण चालवत होतं?

कलम 184 चा गुन्हा चालकाचा असतो, मालकाचा नाही. कॅमेऱ्याचं चलान मात्र गाडीच्या नंबरावरून मालकाच्या नावानं निघतं. तेव्हाच 'चालक मी नव्हतो' असं लेखी कळवलं असतं तर काम दोन ओळीत झालं असतं. ते तुम्ही केलं नाही. तरीही मालकानं पैसे भरले एवढ्यावरून मालकच चालक होता असं आपोआप सिद्ध होत नाही, हा मुद्दा मांडता येतो. तो टिकेलच, असं मी म्हणणार नाही. आज रात्रीच ई-चलानच्या पोर्टलवर जाऊन जुन्या चलानासोबतचा कॅमेऱ्याचा फोटो मिळवा. कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याच्या चलानात फोटोचा पुरावा असावा लागतो, 2021 पासून तसा नियम आहे. फोटोत भाच्याचा चेहरा दिसत असेल तर तुमच्या हातात काहीतरी आहे. नुसती काळी काच आणि नंबरप्लेट असेल तर भाच्याचं प्रतिज्ञापत्र लागेल.

प्रतिज्ञापत्रावर सही घेण्याआधी मात्र स्वतःला दोन प्रश्न विचारा. भाच्याकडे तेव्हा लायसन्स होतं का? आणि तो तेव्हा अठराचा झाला होता का? पत्रात त्याचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, आणि असे तपशील सहसा विसरून राहत नाहीत. तो अल्पवयीन असेल तर कलम 199A नुसार गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. एक दार बंद करायला जाऊन दुसरं सताड उघडाल. आणि चालवत होतात तुम्हीच, भाचा आत्ता आठवलाय, असं असेल तर कागद माझ्याकडे आणूच नका. खोटं प्रतिज्ञापत्र हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात: 'पावती आहेच, डिजिलॉकरमध्ये लायसन्सही आहे, त्यामुळे गाडी चालवणं सुरू आहे.' बाप्पा! इतर काही प्रकरणांत पोलिसांनी दिलेल्या तात्पुरत्या पावतीवर गाडी चालवता येते, हे खरं. पण 184 सारख्या प्रकरणात कलम 206(4) खाली जप्ती झाली की तिथलं परंतुक साफ सांगतं की या पावतीनं वाहन चालवण्याचा अधिकार मिळत नाही. लायसन्स परत हातात येईपर्यंत नाही. डिजिलॉकरमधल्या प्रतीनं हे बदलत नाही. मधल्या काळात कोणाला धडक बसली तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करायला बघेल. किल्ली आजच बायकोच्या ताब्यात द्या.

लोकअदालतीचं म्हणाल तर तिथं रक्कम कमी होऊ शकते, तारखांचे हेलपाटे वाचतात, सगळं कबूल. पण तिथं जे मिटेल ती तडजोडच, म्हणजे वरची दोन्ही परंतुकं तुमच्यासोबत आत येतील. सवलतीच्या दरात दुसरा गुन्हा कबूल करून बाहेर पडाल. दुसरीकडे खटला लढवायचा तर दुसऱ्या गुन्ह्याला कागदावर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, आणि सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात अशा खटल्याचा नंबर कधी लागेल हे विचारू नका. एरवी अशिलांना मी सांगतो, कोर्टाचा संथपणा कधीकधी आपल्या कामी येतो. इथं उलट आहे. कोर्ट निवांत आणि आरटीओ सहा दिवसांवर. म्हणून सुनावणी होईपर्यंत दुसरं चलान भरू नका, फक्त त्यावर छापलेली मुदत उलटत नाही ना ते पाहा.

या विषयावरची पत्रं मला सतत येतात आणि प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं: 'सगळेच तर करतात.' करतात, खरंच. रहाटे कॉलनीच्या सिग्नलवर उभं राहा, डावीकडे हेल्मेटमध्ये कोंबलेला फोन, उजवीकडे स्कार्फमध्ये. फोन उचलला नाही तर साहेब विचारतो 'कुठं मेलास?', आणि त्या साहेबाला चलान येत नाही. पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. ज्या फोनमुळे गुन्हा घडतो त्याच फोनवर दोन मिनिटांत तो 'मिटतो'. ना कोर्ट, ना कठडा, ना नाव पुकारणं. लाइट बिल भरल्यासारखं भरलं की माणूस मोकळा, आणि उद्या पुन्हा हॅलो. तुम्हाला पहिल्या वेळी गिरीपेठला आरटीओत तासभर रांगेत उभं राहावं लागलं असतं तर छत्रपती चौकात तुम्ही फोन उचलला नसता. काही जण लिहितात, आम्ही बोलत नव्हतो, मॅप बघत होतो. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला नियमात मुभा आहे, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. कानाला लावलेल्या फोनवर मॅप कसा दिसतो, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही.

सुनावणीला स्वतः जा. आरटीओनं तुमचं ऐकून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि लायसन्स काढून घ्यायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. लेखी म्हणणं दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. त्यात मागणी क्रमानं करा: आधी कारवाई वगळा, नाहीतर हा पहिलाच गुन्हा धरा. तीन महिने अपात्र ठरलात आणि उजळणी प्रशिक्षण करावं लागलं तर मी त्याला हार म्हणणार नाही. नोकरी फिरतीची आहे, घर यावर चालतं, हेही लिहा. त्यानं कायदा बदलत नाही, पण समोरचा अधिकारीही माणूसच आहे.

आदेश विरुद्ध गेलाच तर तो मिळाल्या तारखेपासून तीस दिवसांत अपील करता येतं. आदेश पोस्टानं येईल. पाकीट त्याच दिवशी फोडा, शिक्क्याची तारीख दिसेल असं जपून ठेवा, आणि टीव्हीखाली ठेवू नका. आणि हो, गिरीपेठला ऑटोनं जा.