अपेंडिक्सचं तोंड कशाने बांधायचं: लूप, क्लिप का स्टेपलर?

दुर्बिणीतून अपेंडिक्स काढल्यावर उरलेलं तोंड कशाने बंद करतात यावर या खेपेला बरेच प्रश्न आलेत, आणि खरं सांगायचं तर बहुतेक बिल हातात पडल्यावर लिहिलेले दिसतात. त्यातले चार घेतो.

प्रश्न (भांडुप): मुलाचं ऑपरेशन ठरलंय. एक सर्जन म्हणाले लूप टाकू, दुसरे म्हणाले स्टेपलर लागेल आणि खर्च वाढेल. महाग म्हणजे जास्त सेफ का?

सरसकट नाही. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी नळी, ती कापली की आतड्याला तोंड उघडं राहतं आणि ते नीट बंद झालं नाही तर आतली घाण पोटात, म्हणून या एवढ्याशा जागेसाठी इतकी साधनं निघालीत. लूप म्हणजे दोऱ्याचा सरकफास, बुंध्यात अडकवून आवळायचा. क्लिप म्हणजे टणक प्लास्टिकची चिमटी, कट्ट करून लॉक होते. स्टेपलर एका दाबात दोन्ही बाजूंना बहुतेक तीन-तीन ओळी पिना मारतो आणि मधून पातं फिरवून कापतो.

2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढणारी संस्था) 8 चाचण्यांमधले 850 पेशंट होते, त्यात दोऱ्याने बांधलं काय किंवा क्लिप-स्टेपलर वापरला काय, एकूण कॉम्प्लिकेशनमध्ये फरक दिसला नाही, दोऱ्याला वेळ तेवढा सरासरी 9 मिनिटं जास्त. इमर्जन्सी सर्जरीच्या जागतिक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात की लूप किंवा प्लास्टिकची क्लिप घ्या, अगदी अपेंडिक्स फुटलेलं असलं तरी, आणि स्टेपलर अवघड केसमध्ये सर्जनने आत बघून ठरवावा.

आत बघून म्हणजे काय, तर बुंधा बघून. टोक काळं पडलंय, मधे भोक आहे, पण बुंधा चांगला असेल तर लूप मस्त बसतो. बुंधाच सडला असेल तर मात्र पिकलेल्या चिकूला दोरा आवळल्यासारखं होतं, दोरा आत रुततो आणि कापतच जातो. सुजून जाड झाला असेल तर क्लिपमध्ये मावत नाही, मोठी क्लिपसुद्धा साधारण 16 मिमीपर्यंतच घेते. अशा वेळी बुंध्याच्या खाली आतड्याच्या निरोगी भागावर स्टेपलर लावून थोडं आतडं धरूनच कापावं लागतं, आणि तिथे मी पैशाचा विचार करत नाही. तेव्हा तुमच्या दोन्ही डॉक्टरांना एवढंच विचारा, बुंधा खराब निघाला तर काय करणार, आणि त्याची सोय थिएटरमध्ये तयार असेल ना? ऑपरेशनच्या आधीच "स्टेपलरच" किंवा "लूपच" असं ठासून सांगणाऱ्यापेक्षा "आत बघून ठरवू" म्हणणारा मला बरा वाटतो.

प्रश्न (गिरगाव): पालिकेच्या हॉस्पिटलात म्हणे डॉक्टर साध्या दोऱ्याला स्वतःच गाठ मारून लूप बनवतात. हा जुगाड नाही ना?

जुगाड कसला, मूळ पद्धतच ती! 1980 साली जर्मनीत कील गावी कुर्ट झेम यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं (ते होते स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे तिथले सर्जन लोक जाम भडकले होते), तेव्हाही दोऱ्याचा लूपच होता. या लूपच्या सरकगाठीला रोडर नावाच्या डॉक्टरवरून रोडरची गाठ म्हणतात, ती मुळात लहान मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी निघाली. आधी एक साधी गाठ, मग दोन्ही दोऱ्यांभोवती तीन वेढे, मग एक अडकवणारी गाठ, आणि पुशरने, म्हणजे ढकलायच्या बारीक दांडीने, ढकलत आत न्यायची. मी शिकत असताना लोकलच्या हँडलला सुतळी बांधून याची प्रॅक्टिस करायचो, शेजारचे काका पार ठाण्यापर्यंत बघत बसायचे. गाठ एका दिशेलाच सरकली पाहिजे, मागे सरकली तर ती गाठच नाही. चांगल्या हाताची गाठ आणि पाकिटातला तयार लूप, दोन्हीचं काम एकच. शिवाय लूप 5 मिमीच्या भोकातून जातो, बहुतेक स्टेपलरना 12 मिमीचं लागतं.

प्रश्न (गोरेगाव): दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं, आता परत उजवीकडे तिथेच दुखतंय. क्लिप सैल झाली असेल का?

दोन वर्षांनी क्लिप सैल होऊन त्रास, हे फारसं पटत नाही. बुंधा लांब ठेवला गेला असेल तर मात्र त्या उरलेल्या तुकड्याला परत सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण होतं, आणि गोची अशी की पेशंट "माझं अपेंडिक्स काढलंय" म्हणाला की डॉक्टर तो विचारच सोडून देतात. म्हणून अपेंडिक्स आतड्याला जिथे जोडलेलं असतं तिथपर्यंत नीट मोकळं करून बुंधा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवायचा, मग बांधायला काहीही वापरा. तुम्ही जुनी फाइल, त्यातली ऑपरेशन नोट घेऊन सर्जनकडे जा, सीटी स्कॅनमध्ये बरंच कळेल. ताप किंवा उलट्या असतील तर आजच जा. बाकी कारणंही असतात, किडनी स्टोन आहे, बायकांमध्ये ओव्हरी आहे, घाबरून आधीच निष्कर्ष काढू नका.

प्रश्न (मुलुंड): बिलात स्टेपलरच्या दोन कार्ट्रिज लावल्यात. अपेंडिक्स तर एकच होतं! आणि पोटातल्या पिनांमुळे एमआरआय चालेल का?

कार्ट्रिज म्हणजे स्टेपलरमध्ये भरायचा पिनांचा संच, एकदा मारली की संपली. दोन लागू शकतात. अपेंडिक्सला रक्त पुरवणारा पडदा कापायला एक आणि बुंध्याला दुसरी, काही सर्जन असं करतात. बरेच जण पडदा करंटवरच्या चिमट्याने जाळून कापतात, मग एकच पुरते. ऑपरेशन नोटमध्ये दोनदा स्टेपलर मारल्याचं लिहिलंय का बघा, आणि पाकिटावरचे स्टिकर फाइलला चिकटवलेले असतात ते मोजा. दोन्ही जुळलं तर बिल बरोबर आहे, नाही जुळलं तर मेडिक्लेमचे पेपर पाठवायच्या आधी बिलिंग काउंटरला विचारा.

पिना टायटॅनियमच्या असतात, चुंबकाला ओढल्या जात नाहीत, त्यामुळे एमआरआयला सहसा अडचण नाही, फक्त फॉर्म भरताना आधी सांगा. विमानतळावर पोट वाजणार नाही.