सर्वात जुना जीवाश्म कुठला, आणि तसा मुंबईत सापडेल का?

बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य असलेला सर्वात जुना पुरावा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातला, सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईत तसा सापडणार नाही. तो आहे स्ट्रोमॅटोलाइट: उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांच्या चिकट सायीवर गाळ बसत बसत झालेला खडक. कापल्यावर त्यात सुरकुतलेले, पातळ, एकावर एक थर दिसतात. ग्रीनलँडमध्ये ३७० कोटी वर्षांपूर्वीचे असेच आकार सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, पण २०१८ च्या अभ्यासानुसार ते खडक दाबाखाली मुडपून झाले असावेत, म्हणून मी ते धरत नाही. मुंबईचा काळा पाषाण लाव्ह्याचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. तरी वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात, चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडलेत, आणि हे प्रत्येक मुंबईकराला माहीत असायलाच हवं.