गोळी बंद केली आणि डोक्यात वीज चमकली

प्रश्न : वय ४६. सात महिन्यांपूर्वी नैराश्यासाठी डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम सुरू केलं. तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा माणसात आलो. मग वाटलं, बरा झालोय तर गोळी कशाला? रविवारी बंद केली. बुधवारपासून मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, तोल जातो, रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडतात. काल विनाकारण मुलावर खेकसलो. मला गोळीचं व्यसन लागलंय, की आजार उलटलाय? शिवाय गुडघ्यासाठी मी अधूनमधून आयबुप्रोफेन घेतो. ते चालतं का?

उत्तर : अंक हाती पडेपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं, म्हणून ‘आजच डॉक्टरांना फोन करा’ एवढं तुम्हाला आधीच कळवलं आहे. बाकीचं सविस्तर इथे लिहिते, कारण अशी पत्रं मला वरचेवर येतात.

तुम्ही वार लिहिलेत ते बरं केलंत. एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण साधारण ३० तासांत निम्मं होतं. म्हणजे बुधवारी तुमच्या अंगात जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता, आणि नेमकी तेव्हाच वीज चमकली. आजार उलटतो तो असा वार ठरवून येत नाही. तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, दबक्या पावलांनी येतो : आधी झोप जाते, मग कशातच रस वाटेनासा होतो. डोक्यातले झटके ही औषध एकदम तोडल्याची खूण. गोळी पुन्हा सुरू केली की ते बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतात.

व्यसनाचं म्हणाल तर, तुम्हाला गोळीची तलफ आली का? एकाच्या दोन घ्याव्याशा वाटल्या का? तुम्ही तर तिला निरोप द्यायला निघाला होतात. शरीराला एखाद्या औषधाची सवय होणं आणि माणसाला व्यसन लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधांच्या पाकिटावर हे मोठ्या अक्षरांत छापायला हवं असं माझं फार दिवसांचं मत आहे.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. मानसोपचाराचं काम करणारी मी, स्वतः दोन वर्षं पॅरॉक्सेटिन हे याच जातीचं औषध घेत होते. ते रक्तातून आणखी लवकर उतरतं. एकदा प्रवासात पाकीट घरीच राहिलं. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना डोळे बाजूला वळवले आणि कवटीत कुणीतरी दिव्याचं बटण दाबावं तसं झालं. कठडा धरून खालीच बसले. इतरांना शंभरदा समजावलेलं मला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

आता तुमच्या ‘बरा झालोय’कडे वळू. नैराश्याची ही पहिलीच खेप असेल, तर बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने तीच मात्रा चालू ठेवतात. तुमचे या हिशेबाने चारच झालेत. आधीही असं होऊन गेलं असेल तर मुदत आणखी लांबते, ते डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि सोडायची वेळ येईल तेव्हा ‘एक दिवसाआड घेतो’ हा घरगुती तोडगा नको. त्याने औषध रक्तात वरखाली होत राहतं आणि झटके रेंगाळतात. रोज घ्यायची, पण मात्रा उतरवत न्यायची. त्यातही गंमत अशी की १० वरून ५ वर येणं बहुतेकांना जमतं. ठेच लागते ती ५ वरून शून्यावर येताना. कारण औषध मेंदूत जिथे काम करतं त्यातल्या बऱ्याचशा जागा ५ मिलिग्रॅमसुद्धा अडवून बसलेली असते. म्हणून शेवटच्या पायऱ्या लहान ठेवायच्या. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने.

मात्रा बदलताना घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. सुरुवातीच्या किंवा मात्राबदलाच्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. पंचविशीच्या आतल्यांच्या बाबतीत ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

गुडघ्याचं उत्तर थोडक्यात : आयबुप्रोफेन आणि ही गोळी एकत्र आल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलने भागतंय का ते आधी विचारा. शौचाला काळं झालं तर लगेच दाखवा. दुखण्यावर कुणी ट्रॅमाडॉल लिहून दिलं, किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध दुकानातून स्वतःच घेणार असाल, तर आधी या गोळीचं नाव सांगा. या गोळीबरोबर दोन्हींमुळे सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर चढू शकतं. मग घाम, कंप, ताप, जुलाब, जिवाची तगमग. असं झालं तर थेट रुग्णालय.

पत्राच्या कडेला तुमच्या पत्नीने पेन्सिलीने विचारलंय, ‘सकाळी की रात्री?’ झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री, पण रोज त्याच वेळी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि पाकीट न्हाणीघरातल्या फळीवर ठेवता असं लिहिलंय त्यांनी. तिथे दमटपणा असतो, तिथून ते हलवा.