'८० डेसिबलच्या वर दंड' असा फलक लावल्याने मोटरसायकलींचा आवाज कमी होईल का?

तुम्ही लिहिलंय की रात्री अकरानंतर दोन-तीन मोटरसायकली खिडकीखालून कानठळ्या बसवत जातात, मोबाइलने ९२ डेसिबल दाखवले आणि आता तुम्ही फलकासाठी अर्ज करणार आहात. अर्ज जरूर करा. फलकाचा हट्ट मात्र सोडा.

मी काही वर्षं गाड्यांच्या ध्वनिचाचणीच्या कामात होतो. मोकळं मैदान, ठरलेल्या प्रतीचं डांबर, गाडीच्या मधल्या रेषेपासून ७.५ मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन. गाडी ठरलेल्या वेगाने यायची आणि २० मीटरच्या पट्ट्यात शिरली की चालवणारा मूठ पूर्ण पिळायचा. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की काम बंद. एकदा नेमक्या क्षणी टिटवी ओरडली, तो आकडा खोडून गाडी परत फिरवावी लागली. मर्यादेचे आकडे ज्या कागदांत असतात ते अशा मैदानावरचे असतात. तुमच्या गल्लीतले नाहीत.

अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ३ मीटरवर ९२ दाखवणारी गाडी १२ मीटरवर ८० दाखवेल. गाडी तीच, सायलेन्सर तोच. त्यात दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे आकडा वर चढतो, आणि मागून ट्रक आला तर मोजलं ते नक्की कोणाचं? दंड झालेला माणूस हेच प्रश्न विचारणार आणि सुटणार. पॅरिसमध्ये २०२२ साली आवाजाचे 'रडार' बसवून पाहिले, त्यात एका ठिकाणी एकाहून जास्त मायक्रोफोन लागतात. आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरवून तो एकाच गाडीवर टाकायचा असतो, म्हणून. मोबाइलच्या एका मायक्रोफोनला ते जमत नाही.

मग रस्त्यावर उभ्या शिपायाने पाहायचं काय? जे दोन मिनिटांत डोळ्यांनी दिसतं ते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सायलेन्सरांच्या तोंडाशी मुठीत मावेल एवढी जाळीदार नळी असते. पोरं तिला 'डीबी किलर' म्हणतात. ती एका स्क्रूवर असते. तो काढला, नळी खिशात टाकली की गाडी गरजायला लागते, आणि तपासणीच्या आधी तीच नळी परत आत. टॉर्च मारला तर रिकामं भोक लगेच दिसतं. दुसरी खूण सायलेन्सरवरच्या मंजुरीच्या शिक्क्याची. शिक्का नाही किंवा घासून काढलाय, तर मीटर न लावताही बोलता येतं.

कागदावरचा आकडा पाहून बंदी घालण्याचा प्रयोगही झालाय. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये रॉयटे जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर जून २०२० पासून, उन्हाळ्याच्या हंगामात, नोंदणीपत्रात उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त लिहिलेल्या मोटरसायकलींना मनाई केली. पोलिसांचं काम सोपं झालं, हे खरं. पण तो आकडा कंपनीतून निघालेल्या गाडीचा असतो, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजलेला. ज्याने गाडीला बोटही लावलं नाही तो परत पाठवला जातो आणि कागदावर ९० असलेला, सायलेन्सर बदललेला पठ्ठ्या पुढे निघून जातो. तिथल्या मोटरसायकलवाल्यांचा राग मला तरी रास्त वाटतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच शिक्क्याने सुटत नाही. संपूर्ण कायदेशीर गाडीसुद्धा न्यूट्रलमध्ये रेस केली की पाळण्यातलं पोर दचकून उठतं. त्यासाठी डेसिबलचा नाही, वागणुकीचा नियम लागतो: विनाकारण रेस करायची नाही, सायलेन्सरमधून फटाके फोडायचे नाहीत. असा नियम शिपाई कानाने राबवू शकतो.

तेव्हा अर्जात '९२' लिहूच नका, त्यावरच वाद घालत बसतील. आठ-दहा रात्रींच्या वेळा लिहा, गाड्या कोणत्या टोकाने येतात आणि कुठे वेग घेतात ते लिहा, आणि त्या वेळी त्या टोकाला सायलेन्सरची तपासणी मागा. शेजाऱ्यांनीही आपापली वही ठेवली तर उत्तम. वेळा जुळल्या की तपासणी कोणत्या रात्री लावायची ते त्यांना आयतंच कळेल.