ऑटिझम असलेल्या ४ वर्षांच्या मुलाला सर्कस थिएटरच्या ‘रिलॅक्स्ड’ शोला न्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला येऊन तीनच महिने झालेत, मुलाला ऑटिझम आहे, नुसत्या टाळ्या वाजल्या तरी कान दाबून धरतो, आणि छोट्यांच्या सर्कस शोच्या पत्रकावर रिलॅक्स्ड परफॉर्मन्स असं दिसलं, तर न्यावं का आणि लोक काय म्हणतील. न्या. नक्की न्या, फक्त आधी थोडी तयारी करून न्या. माझा लेक आता ७ वर्षांचा आहे, त्यालाही ऑटिझम आहे, आणि आम्ही दोन्ही प्रकारचे शो बघून झालोत म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

पहिल्यांदा आम्ही साध्या शोला गेलो होतो. दिवे एकदम गेले, ढोल सुरू झाला आणि मग धाडकन फटाक्यासारखा आवाज, लेक खुर्चीखाली जाऊन बसला आणि जोरात रडायला लागला, पुढच्या रांगेतली माणसं वळून वळून बघायला लागली, दहा मिनिटांत बाहेर. गाडीत बसल्यावर मीही रडले. मग वर्षभर मी कुठल्याच कार्यक्रमाचं नाव काढलं नाही, आणि त्याचंच मला आज जास्त वाईट वाटतं.

रिलॅक्स्ड म्हणजे शो तोच, पण दचकवणाऱ्या गोष्टी कमी केलेल्या. मिट्ट अंधार करत नाहीत, प्रेक्षकांवरचे दिवे मंद चालू ठेवतात, आवाज कमी, झगझगणारे दिवे शक्यतो काढून टाकलेले, दार उघडं, मुलाने उठावं, फिरावं, ओरडावं, बाहेर जाऊन परत यावं, कोणी शुक् करत नाही. बाहेर बहुतेक ठिकाणी एक शांत खोली किंवा कोपरा असतो, चिलआउट स्पेस म्हणतात. लोकांचं म्हणाल तर त्या दिवशी आलेल्या निम्म्या घरांतली मुलं तुमच्या-माझ्या मुलासारखीच असतात, तिथे मान वळवून बघायला कोणाला वेळच नसतो.

सर्कशीची एक वेगळी अडचण मात्र आहे, ती नाटकाला नसते. माणूस वर लटकलेला असतो, आता पडेल की काय ही भीतीच त्यातली मजा असते आणि आपल्या मुलांना ती मजा म्हणून कळतेच असं नाही. म्हणून व्हिज्युअल स्टोरी मागा. फोटो आणि सोपी वाक्यं असलेलं ते पीडीएफ असतं, दार कसं दिसतं, कुठे बसायचं, आधी काय होतं मग काय होतं, आवाज कधी होतो. वेबसाईटवर नसेल तर फोन करून मागा. आम्ही आठवडाभर रोज झोपताना ते वाचलं, मराठीत सांगत सांगत. ‘ही ताई कापडाला धरून वर जाते, मग खाली येते’ हे वाक्य तर पाठच झालं होतं. आणि प्रत्यक्ष शोमध्ये ती कलाकार पार वर गेल्यावर आमचं बाळ सगळ्यांसमोर ओरडलं, ‘खाली ये!’ आणि नेमकी त्याच क्षणी ती गरगर उलगडत खाली आली!! त्याला आजही खात्री आहे की तिने त्याचं ऐकलं. वीस मिनिटं तो मागे येरझाऱ्या घालत होता, त्यानंतर माझ्या मांडीवर येऊन बसला आणि शेवटपर्यंत बसला. घरी आल्यावर माझी ओढणी गुंडाळून महिनाभर हेच चाललं होतं.

फोन कराल तेव्हा हेही विचारा, धुकं सोडणार का (हवेत लटकून करायच्या कामांत प्रकाश उठून दिसावा म्हणून सोडतात, त्याचा वास आमच्याकडे चालत नाही), फुगे फुटतात का, कलाकार प्रेक्षकांत येऊन हात लावतात का, मध्यंतर आहे का. बाहेर जायच्या वाटेजवळची कडेची सीट मागा. सोबतच्या माणसाचं तिकीट बऱ्याच ठिकाणी फुकट असतं पण ते विचारल्याशिवाय मिळत नाही. आणि विचारताना संकोच करू नका, इथे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० प्रमाणे अशी वाजवी सोय करणं त्यांना बंधनकारक आहे, ते उपकार करत नाहीयेत. आपल्याला सवयच असते आपलं पोर सांभाळून घ्या म्हणून हात जोडायची, मलाही ती मोडायला वेळ लागला. आपल्याकडच्या सर्कशीत पूर्वी असायचे तसे वाघ-सिंह निघतील ही काळजी असेल तर तीही सोडा, इंग्लंडमध्ये जानेवारी २०२० पासून फिरत्या सर्कशीत वन्य प्राणी वापरायला बंदी आहे.

तुम्ही योग्य गावात आहात हेही सांगते. सर्कस शिकवणारी सर्कोमीडिया ही संस्था ब्रिस्टलमध्येच आहे, पोर्टलँड स्क्वेअरच्या जुन्या सेंट पॉल्स चर्चमध्ये झोपाळे टांगलेले दिसतात. एक्स्ट्राऑर्डिनरी बॉडीज ही सर्कस उभी करणाऱ्या दोन संस्थांपैकी सर्क बिजू इथलीच, या सर्कशीत अपंग, कर्णबधिर आणि इतर कलाकार एकत्र काम करतात आणि खुणांची भाषा शोमध्येच गुंफलेली असते, कोपऱ्यात उभं राहून कोणी वेगळं भाषांतर करतंय असं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण नंतर जोडलेली सोय आणि मुळापासूनच सामावून घेतलेला माणूस यात फरक असतो. ऑइली कार्ट ही लंडनची मंडळी तर १९८१ पासून लहान मुलांसाठी नाटकं करतात, २००९ मध्ये त्यांनी ऑकम्स रेझर या हवेतल्या कसरती करणाऱ्या कंपनीबरोबर एक शो केला, त्यात ऑटिझम किंवा गंभीर अपंगत्व असलेली मुलं स्वतःच टांगलेल्या खुर्च्यांत झुलत होती आणि कलाकार त्यांच्या अवतीभवती. प्रेक्षक हवेत! माझ्या लेकाला झोक्यावर बसल्यावरच सगळ्यात शांत वाटतं, त्यामुळे हे कोणाला तरी सुचलं याचंच मला भरून येतं.

कान झाकायचे इअर डिफेंडर आधीच घ्या आणि ते शोच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका, आठवडाभर आधीपासून घरी मिक्सर चालू असताना लावून सवय करा. मधूनच उठून यावं लागलं तरी चालेल, आम्ही एकदा शोची फक्त पंधरा मिनिटं बघून आलो आणि तो सगळ्यांना सांगत होता की मी सर्कस बघितली.